पाण्याने घडवलेले गाव, गावाने घडवलेले पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी वक्त्याने चार गोड शब्द बोलावेत आणि मंडळींना फराळाकडे लवकर सोडावे, अशी आपल्याकडची रीत आहे. परंतु कार्यवाह ताईंनी मला जो विषय दिला तो थोडा जड आहे : ‘माणूस आणि त्याचा परिसर’. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून तो माझ्या वाट्याला आला असावा. मी आज पुस्तकी भूगोल सांगणार नाही. आपले नागपूर आणि त्याचे पाणी एवढ्यापुरतेच बोलणार आहे. कारण पाणी हा विषय बायकांना शिकवावा लागत नाही.

परिसर माणसाला घडवतो की माणूस परिसराला घडवतो, असा वाद परीक्षेच्या निबंधात नेहमी असतो. मला तो वाद सासर आणि सून यांच्यासारखा वाटतो. नवी सून घरात येते तेव्हा घर तिला आपले वळण लावते. तिची जेवणाची वेळ, बोलण्याची ढब, सणवार, सारे त्या घरासारखे होते. पण वीस वर्षांनी पाहावे तर त्या घराच्या स्वयंपाकाला तिच्या हाताची चव आलेली असते. तिच्या नंतर येणाऱ्या सुनेला जे ‘सासर’ मिळते, ते बरेचसे हिनेच केलेले असते. भूमीचेही असेच आहे. आपल्याला जी भूमी मिळाली ती मागच्यांनी घडवलेली होती, आणि आपण जी मागे ठेवू तिच्यातच पुढच्यांना राहावे लागेल.

आधी भूमी कशी आहे ते पाहू. नागपूरच्या पश्चिमेला काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा तो खडक, आणि त्याच्यावर कपाशीची काळी माती. पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन खडक आहे, आणि तिकडे भंडारा-गोंदियापर्यंत भाताची व तलावांची भूमी पसरलेली आहे. आपले शहर या दोहोंच्या शिवेवर वसले आहे. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्या शहरात आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांना १८५० च्या सुमारास टाकळीच्या बाजूला खडकाच्या थरांत गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख सापडले. म्हणजे लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात येथे तळी होती. माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून या जागेने पाणी धरून ठेवले होते.

काटोल रस्त्याने गेले की गोरेवाड्याच्या पुढे दगडांची वर्तुळे दिसतात. लोखंड वापरणाऱ्या प्राचीन लोकांनी आपल्या मृतांच्या स्मरणार्थ ती रचली. अशी सुमारे ३०० वर्तुळे तेथे आहेत, आणि त्या जागेचे नाव आहे ‘जुनापाणी’. ते नाव कोणी व केव्हा ठेवले ते असो. येथे माणसाची वस्ती जुनी आणि पाणीही जुने, एवढे ते एकच शब्दात सांगून जाते.

नाग नदीवरून नागपूर हे नाव पडले असे मानतात. १७०२ च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने येथील बारा लहान वाड्या एकत्र करून हे नगर वसवले. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानाने नगराला कोट बांधला आणि जुम्मा तलाव करवला. त्यालाच आपण शुक्रवारी तलाव म्हणतो, आणि आता गांधीसागर म्हणतो. भोसल्यांच्या राजवटीत सोनेगाव, तेलंगखेडी, सक्करदरा असे तलाव झाले. येथला पाऊस चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने डोळे वर करून बसावे लागते. अशा ठिकाणी राहायचे तर पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत अडवून ठेवणे भाग होते. भूमीने ही अट घातली, आणि माणसाने तलाव बांधून ती पुरी केली. मग त्या तलावांनी माणसाला घडवले. घाट झाले, काठावर देवळे झाली, बागा झाल्या. पांढराबोडी म्हणजे तर बोडीच, लहान तळे. आज ते आपल्याला वस्तीचे नाव म्हणूनच ठाऊक आहे. अंबाझरी हे नाव उच्चारताना त्यात आंबा आहे आणि झरी आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

पूर्वेकडे, भंडारा-गोंदियाच्या बाजूला, हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. गोंड राजांच्या आश्रयाने तेथील कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. पुढे मालगुजारांच्या ताब्यात आलेले म्हणून त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. गावाच्या वरच्या अंगाला तलाव, खाली धानाची बांधी, तलावात ढीवरांची मासेमारी, उन्हाळ्यात तळाचा गाळ काढून शेतात, अशी ती घडी होती. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, आणि ते योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले. पण सर्वांचे झालेले तलाव हळूहळू कोणाचेच राहिले नाहीत. गाळ साचला, पाळी फुटल्या, काठावर बेशरम माजली. तलाव बांधून झाला म्हणजे काम संपले असे नसते. दर उन्हाळ्यात गाळ काढणारी माणसे असतील तोवरच तो तलाव असतो.

आता आपल्या शहरात परत येऊ. १८७० नंतरच्या काही वर्षांत अलेक्झांडर बिन्नी या इंग्रज इंजिनियराने अंबाझरीवरून नागपूरला नळाने पाणी पुरवण्याची योजना पार पाडली. त्याने येथला पाऊस किती, त्यातून वाहून किती येते आणि उन्हाने तलावातून किती उडून जाते याची मोजमापे घेतली व ती विलायतेत प्रसिद्ध केली. हाच गृहस्थ पुढे लंडनमध्ये टेम्स नदीखालून बोगदा काढणारा प्रसिद्ध इंजिनियर झाला. अंबाझरीनंतर गोरेवाडा, मग कन्हान, आणि मग पेंच, असे आपले पाणी दर पिढीला थोडे थोडे लांबून येऊ लागले.

नळ आला ही बायकांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट झाली. विहिरीचे आणि घाटाचे गोडवे गाणारे पुष्कळ असतात. त्यांतल्या फार थोड्यांनी उन्हाळ्यात दोन हंडे डोक्यावर आणि एक कळशी कमरेवर घेऊन वाट तुडवलेली असते. जुन्या विहिरींतून पटकीही घरोघर जात असे. आणि दुसरी गोष्ट तर आपण कधीच विसरू नये. ज्या विहिरी आपण ‘गावाच्या’ म्हणतो त्या गावातल्या सर्वांच्या नव्हत्या. तहानलेल्या माणसाला जातीमुळे पाण्यापासून दूर ठेवले जाई. त्यासाठी १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, आणि १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याच नागपुरात लाखो लोकांसह धर्मांतर केले. म्हणून मी ‘जुने ते सोने’ म्हणायला उभी राहिलेली नाही.

मला सांगायचे आहे ते वेगळे. नळाने आपल्याला सुख दिले, पण त्याबरोबर आपला स्वभावही बदलला. पूर्वी बाईला पाणी दिसत असे. यंदा विहीर किती हात खाली गेली, तलावाची कोणती पायरी उघडी पडली, हे तिला न विचारता कळत असे, आणि त्याप्रमाणे तिचा हात आखडता होई. नळाची तोटी फिरवणारीला धरण किती भरले ते दिसत नाही. आणि न्हाणीच्या मोरीतून गेलेले पाणी पुढे कोठे जाते, तेही दिसत नाही.

ते कोठे जाते ते मी सांगते. ते नाग नदीत जाते. लाव्ह्याच्या बाजूच्या टेकड्यांतून निघालेली ही नदी अंबाझरीतून उतरून शहराच्या मधून १७-१८ किलोमीटर वाहते. शहराचे सांडपाणी तिच्यात सोडले गेले, तसतशी तिला पाठ करून घरे बांधली गेली. आणि मग तिला ‘नाला’ म्हणायची सवय लागली. नाव बदलले की वागणूक बदलते. नदीत कोणी केर टाकताना मनात थोडे तरी अडखळतो, नाल्यात टाकताना कोणी अडखळत नाही. ती नदी पुढे कन्हानला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ जेथे लिहिला असे आपण विदर्भातले लोक अभिमानाने सांगतो, तेच हे आंभोरे. त्याच्याखाली गोसीखुर्दचे धरण आहे. आपल्या मोरीचे पाणी त्या धरणात जाऊन साचते, आणि काठच्या खेड्यांतल्या आपल्यासारख्याच बायका त्या पाण्याकडे पाहत बसतात.

पाण्याचा हिशेब घरातही चुकत नाही. तलाव आटले, बोड्या बुजल्या, झाडे गेली, अंगणात फरशी आली, आणि नागपूरचा उन्हाळा तर तोच. २०१३ च्या मे महिन्यात येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. म्हणून आपण खिडकीत कूलर बसवला. कूलर ही आपल्या कोरड्या हवेत फार उपयोगी वस्तू आहे; पाणी उडताना हवा थंड होते, हे वाळ्याच्या तट्ट्यांवर पाणी मारणाऱ्या आपल्या आजीलाही ठाऊक होते. परंतु तट्ट्याखाली पाणी साचून राहत नसे. आपण मात्र गावातल्या बोड्या बुजवल्या आणि घराघराच्या खिडकीत एकेक लहान डबके टांगले. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पाऊस सुरू झाला, कूलर बंद झाला, आणि टाकीतले पाणी तसेच राहिले की तापाचे दिवस येतात. मारबतीच्या दिवशी सारे नागपूर रोगराईला ओरडून ओरडून गावाबाहेर घालवते. त्याच दिवशी घरोघरच्या कूलरची टाकी पालथी घालून, घासून, कोरडी केली तर त्या ओरडण्याला थोडा अर्थ येईल.

आपल्या संत्र्याचेही उदाहरण घेण्यासारखे आहे. संत्र्याचे झाड मूळचे येथले नव्हे. भोसल्यांच्या काळात ते औरंगाबादेहून आणून लावले असे सांगतात. काळ्या मातीला आणि येथल्या हवेला ते मानवले. बागाईतदार झाडाला ठराविक काळ पाणी तोडून ताण देतात, मग पाणी दिले की ते फुलते. उन्हाळ्याच्या तोंडी फुलला तर आंबिया बहार, पावसाळ्याच्या आरंभी फुलला तर मृग. माणसाने झाडाला अशी सवय लावली, आणि झाडाने माणसाला. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या भागात लग्नाची बोलणी आणि सावकाराचे हप्ते बहारावर ठरू लागले. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ही चव याच भूमीची, असा शिक्का बसला. पण त्याच भागात विहिरी आटल्या म्हणून बोअर घेतले, आणि एकाचे पाणी गेले म्हणून दुसऱ्याने अधिक खोल घेतले. आता शेकडो फूट खाली जाऊनही पुष्कळ ठिकाणी धूळ निघते, आणि वाळलेल्या बागा तोडाव्या लागतात. बाग लावणाऱ्या माणसाचा लोभ फार मोठा होता असे नव्हे. प्रत्येकाने आपल्या कुंपणापुरतेच पाहिले, आणि जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसते.

आता आपल्या सर्वांच्या आठवणीतली दोन वर्षे. २०१९ च्या जुलै महिन्यात पेंचच्या धरणांत पाणी उरले नव्हते. पाऊस लांबला होता, आणि नदीच्या वरच्या अंगाला छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचे धरण झाल्यामुळे खाली येणारे पाणीही कमी झाले होते. शहराला एक दिवसाआड पाणी आले. ऐन पावसाळ्याच्या महिन्यात आपण भांडी भरून ठेवत होतो. त्यानंतर चारच वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदी घराघरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, शंकरनगर, सीताबर्डी, सगळीकडे पाणी. माणसे दगावली, हजारो घरांचे नुकसान झाले. आपल्यापैकी कितीतरी जणींनी गाद्या, पिठाचे डबे आणि मुलांची पुस्तके चिखलातून बाहेर काढली. सांडव्याच्या वाटेतील बांधकामांचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला.

एकाच शहराला चार वर्षांत एकदा पाणी नाही म्हणून रडावे लागले आणि एकदा पाणी फार म्हणून. लोक म्हणतात, निसर्ग कोपला. पाऊस अधिक झाला हे खरे, आणि हवामान बदलत असल्यामुळे असा एकदम कोसळणारा पाऊस पुढेही येणार असे शास्त्रज्ञ सांगतात. तरीसुद्धा पावसाला जमिनीत मुरायला जागा ठेवली नाही, म्हणून तो रस्त्यावर आला. आणि मुरला नाही, म्हणून उन्हाळ्यात विहिरीला मिळाला नाही. दुष्काळ आणि पूर ही दोन संकटे मला वेगळी दिसत नाहीत. दोन्ही एकाच फरशीखालून आलेली आहेत.

मग बिघडलेले पुन्हा नीट होते का? होते. दक्षिण कोरियाच्या सेऊल शहरात चंगेचन नावाचा ओढा होता. त्याची गटारगंगा झाली म्हणून १९५८ पासून त्याच्यावर काँक्रीट घालून वरून रस्ता काढला, आणि पुढे त्याच्यावर उड्डाणरस्ताही बांधला. नंतर त्याच शहराने तो सारा रस्ता उखडून काढला, आणि २००५ मध्ये ओढा पुन्हा मोकळा झाला. सेऊल लांबचे आणि श्रीमंत, असे कोणी म्हणेल. तर आपल्याच गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला पाहा. तेथे ढीवर समाजाच्या स्त्रियांनी व पुरुषांनी मिळून तलावातली बेशरम उपटून काढली, आणि जुन्या माणसांना ठाऊक असलेल्या देशी पाणवनस्पती तळाशी लावल्या. मासे परत आले, पक्षी परत आले. ज्या बायका तलावाच्या कारभारात बोलत नव्हत्या, त्या मासेमारांच्या संस्थेत बसून बोलू लागल्या. त्यांनी तलाव सुधारला, आणि तलावाने त्यांना.

मैत्रिणींनो, आता आपल्या अंगणातली गोष्ट. मंडळाच्या इमारतीमागची विहीर बुजवून तेथे सारी फरशी घालावी, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी गाड्यांची सोय होईल, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. विहिरीत केर पडतो, लहान मुलांची भीती वाटते, हे म्हणणेही खोटे नाही. परंतु २०१९ च्या त्या जुलैत शेजारच्या दोन्ही गल्ल्यांतल्या बायका याच विहिरीवर रांगेने उभ्या होत्या, हे मी पाहिले आहे. पुष्कळशा तरुण सुनांनी विहिरीत दोर सोडण्याची ती पहिलीच वेळ. पाणी शेंदायचे कसे, हे त्यांना आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी दाखवले. ते पाणी प्यायला नव्हे, वापरायलाच होते. तरी घराघरातली भांडी त्यावर घासली गेली आणि कपडे त्यावर निघाले.

तेव्हा माझी मंडळाला विनंती आहे की विहीर बुजवू नये. तिचा गाळ काढावा, वर मजबूत जाळी बसवावी, आणि गच्चीचे पावसाचे पाणी गाळून तिच्यात सोडावे. गणपतीचे निर्माल्य तिच्यात न टाकता खड्ड्यात घालून त्याचे खत करावे. गाड्यांसाठी जागा हवी तर फरशीऐवजी मुरूम घालावा, म्हणजे पाणी खाली जाईल. खर्चाचा विचार करताना बुजवण्याचा आणि फरशीचा खर्चही समोर ठेवून तुलना करावी, एवढेच म्हणते. आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी किती हात खाली आहे ते मोजून मंडळाच्या वहीत लिहावे. बिन्नीने पाणी मोजले, आपणही मोजू. आपल्या अहवालात जमाखर्च छापतो, त्याखाली ही एक ओळ छापायला काही अडचण नसावी.

एका विहिरीने नागपूरचा पूर थांबणार नाही, हे मला समजते. पण आपल्या मुली या अंगणात लेझीम खेळतात, नातवंडे उड्या मारतात. त्यांना अंगणात विहीर दिसली, तर पाणी जमिनीतून येते आणि जमिनीत जावे लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागणार नाही. फरशी दिसली, तर त्यांना वाटेल की जग असेच असते. ज्या घरात त्या नांदणार आहेत, ते आपण कसे करून ठेवायचे, हा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेत आपल्यापुढे येईल. त्या दिवशी प्रत्येकीने हजर राहून आपले मत द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.